जुन्या ४०७ चं चार्जिंग आणि उद्यमनगरातले डायनामोवाले काका

जुनी गाडी चार्जिंग धरत नसेल आणि कुणी तुम्हाला ‘डायनामो गेला, बदलून टाका’ म्हणून सांगितलं असेल, तर पैसे मोजायच्या आधी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात जाऊन या. सांगायचं ते एवढंच. पण नुसतं ‘काम छान, पाच स्टार’ लिहून कुणाला काही उपयोग होत नाही, म्हणून काय झालं ते नीट लिहिते.

दुकान आतल्या गल्लीत आहे आणि त्याला पाटी नाही. शेजारी लेथची दुकानं, पलीकडं मोटार वाइंडिंगवाला. ‘डायनामोवाले काका कुठं बसतात?’ असं कुणालाही विचारा, हात करून दाखवतात. आत एक गाडी मावेल एवढीसुद्धा जागा नाही, सगळं काम रस्त्याच्या कडेला चालतं. टेबलावर उघडलेले रोटर, डायोड प्लेटा, कार्बनचे डबे, आणि खिळ्याला अडकवलेला मीटर. लांब वायरींचा, वायरींच्या टोकांना मगरी चिमटे. काकांचं निम्मं काम त्या मीटरवर होतं आणि पाना नंतर हातात येतो. मला त्यांचं तेच सगळ्यात जास्त आवडलं.

आमची गाडी टाटा ४०७, जुन्या बनावटीची, १२ व्होल्टची, डिझेल. वडलांनी घेतलेली, आता व्यवहार मी बघते आणि गाडी मामा चालवतात. मामा म्हणजे आमचे ड्रायव्हर, मी शाळेत होते तेव्हापासून याच स्टिअरिंगवर आहेत. शाहू मार्केट यार्डातून गुळाचे रवे भरायचे आणि गगनबावड्यावरून करूळ घाट उतरून वैभववाडी, कणकवलीकडं पोचवायचे. गाडी बहुतेक रात्रीचीच निघते. पावसाळ्यात त्या घाटात धुकं असं उतरतं की हेडलाइट आणि वायपर दोन्ही सतत चालू ठेवावे लागतात. अशा वाटेवर लाइट मंद होऊ लागला तर काय होतं, ते घाटात गाडी चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

लक्षणं अशी होती. सकाळी सेल्फ जड फिरायचा, एखाद्या दिवशी नुसता टक् करून गप्प. रात्री वायपर लावला की हेडलाइट पिवळा पडायचा. एका दुकानात बॅटरी संपली म्हणाले, नवी बसवली. नवीन बॅटरीनं थोडे दिवस बरे गेले आणि तीही तशीच वागायला लागली. मग दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये मीटर न लावता, चालू गाडीत बॅटरीची वायर काढून बघितली, इंजिन थोडं गचकलं आणि निकाल मिळाला, ‘डायनामो गेला.’ व्हॅक्यूम पंपासकट नवा बसवायचा अंदाज दहा हजारांच्या घरात सांगितला. दोन्ही ठिकाणांची नावं घ्यायची मला गरज वाटत नाही, कारण ही पद्धत गावोगावी हीच आहे.

चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढायची गोष्ट मामांनी काकांना सांगितली, तेव्हा त्यांचा चेहराच बदलला. म्हणाले, “मामा, हे कुणालाबी करू देऊ नका. बॅटरी सुटली की डायनामोचा दाब एकदम वर उडतोय. डायोड, कटआऊट, एका झटक्यात जात्यात. धड डायनामो मोडून घरी न्यायची ती रीत हाय.” जुन्या काळच्या डायनामोवर ही युक्ती चालून जायची. आता ज्याला आपण सवयीनं डायनामो म्हणतो तो असतो अल्टरनेटर, आत डायोड आणि इलेक्ट्रॉनिक कटआऊट, म्हणजे व्होल्ट आवरून धरणारा रेग्युलेटर. त्याला ती युक्ती मारक आहे. हा रिव्ह्यू वाचून कुणी बाकी काही लक्षात ठेवलं नाही तरी एवढं ठेवा.

काकांचा पहिला प्रश्न होता, “तरास सुरू व्हायच्या आधी गाडीवर काय काम झालतं?” मी म्हटलं पासिंग. आठ वर्षांच्या पुढच्या गाडीला दरवर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं, आणि पासिंगच्या आधी आमच्याकडं गाडी रंगवतात. चासी काळी, केबिनचं डेंटिंग, सगळं. ते ऐकून काका नुसतं “हं” म्हणाले. पुढं काय निघणार याचा अंदाज त्यांना तिथंच आला असावा, पण बोलले नाहीत. मोजल्याशिवाय ते काही बोलतच नाहीत.

त्या दिवशी त्यांनी गाडीला पुढं हातच लावला नाही, हे पहिल्यांदा मला खटकलं. बॅटरी काढून रात्रभर चार्जिंगला लावली आणि उद्या या म्हणाले. कारण नंतर कळलं, आणि पटलं. उतरलेली बॅटरी डायनामोकडून सगळा करंट ओढत राहते, तेव्हा जे आकडे दिसतात त्यावरून डायनामो खराब की बॅटरी उपाशी हे ठरवता येत नाही. शिवाय बॅटरीचाच सेल बसलेला असेल तर बाकीची मोजामोज वाया. दुसऱ्या दिवशी चार्जर काढून, थोडा वेळ तशीच ठेवून, त्यांनी आधी हायड्रोमीटरनं, म्हणजे बॅटरीच्या पाण्याची घनता दाखवणाऱ्या नळीनं, सहाही सेलचं पाणी ओढून बघितलं. नळीतला तरंगणारा काटा सगळ्यांत सारखाच, एकही सेल मागं नाही. मग व्होल्ट, १२.६. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरली की शांत असताना एवढंच दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. काका माझ्याकडं बघून म्हणाले, “ताई, बॅटरी चांगली हाय. हिला पोटभर मिळत न्हवतं.”

हे ते मला सांगत होते. गाडीच्या कामाला मी गेले की बहुतेक ठिकाणी बोलणं मामांशी होतं आणि बिल माझ्याकडं येतं. इथं प्रत्येक आकडा मला बोलावून दाखवला. मीटरचा काटा, म्हणजे वायरीच्या टोकाचा चिमटा, कुठं लावलाय, का लावलाय, सगळं. पैसे देणाऱ्या माणसाला हे दिसलंच पाहिजे असं त्यांचं म्हणणं.

मग बेल्ट. अंगठ्यानं मध्यावर दाबून बघितला. साधारण एक सेंटिमीटर दबला तर ठीक, जास्त म्हणजे ढिला. आमचा थोडा ढिला होता आणि आतल्या बाजूनं चकाकत होता, घसरून घासल्यासारखा. इथं काका बराच वेळ थांबले, आणि मीही थांबते. जुन्या ४०७ मध्ये डायनामोच्या मागच्या टोकालाच व्हॅक्यूम पंप असतो आणि त्याच व्हॅक्यूमवर ब्रेकचा बूस्टर चालतो. म्हणजे बेल्ट घसरला तर चार्जिंग जातं हे निम्मंच झालं, पाठोपाठ ब्रेक पेडलही जड होतं. करूळ उतरताना भरल्या गाडीचं पेडल कडक झालं तर काय, हा विचार माझ्या डोक्यात आधी कधी आलाच नव्हता. मी ते दुखणं निव्वळ लाइटचं समजत होते. बेल्ट नवा टाकला, विचारून.

त्या पंपाला इंजिनचं ऑइल लागतं, आणि त्याचं सील गळलं की ऑइल डायनामोत उतरून कार्बन आणि ते ज्यांवर घासतात त्या स्लिप रिंगा चिकट करतं. आमचं किंचित ओलं होतं. आता डायनामो उतरवणार असं मला वाटलं, पण त्यांनी तो तसाच ठेवला. म्हणाले, आधी तो किती देतोय ते बघू.

चावी फिरवली, इंजिन बंद. डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा लागायला हवा होता, लागला नाही. बल्ब उडालेला. ही गोष्ट मी आजवर नुसती इशाऱ्याची समजत होते. काकांनी सांगितलं की आमच्या डायनामोत सुरुवातीचा थोडासा करंट त्या बल्बातूनच फील्डला, म्हणजे आतल्या चुंबकाच्या वाइंडिंगला, जातो आणि मग डायनामो उठतो. बल्ब नसेल तर रेस दिल्याशिवाय तो जागा होत नाही. मामा लगेच म्हणाले, “म्हणूनच गाडी चालू केल्यावर एकदा जोरात रेस द्यायला लागत होती, मग लाइट जरा चढायचा.” काही रुपयांचा बल्ब, आणि कुणीच बघितला नव्हता. नवा लावला. चावी दिली की लागला, इंजिन चालू होताच विझला.

आता खरं काम. इंजिन रेसवर ठेवायला मामांना बसवलं. हेडलाइट अप्परला, वायपर चालू. रिकाम्या गाडीवर, लाइट बंद ठेवून मोजलं तर सगळंच बरं दिसतं, दुखणं वजन पडल्यावर बाहेर येतं, म्हणून आधी सगळा लोड लावला. मीटर पहिल्यांदा थेट डायनामोवर, एक काटा त्याच्या जाड वायरीच्या बोल्टला, दुसरा त्याच्याच अंगाला. १४.२ व्होल्ट. मग तोच मीटर बॅटरीच्या दोन खुंट्यांवर. १३.०.

डायनामो चोख १४.२ देत होता. चार्जिंगला १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवं, म्हणजे त्याच्यात काही दोष नाही. दहा हजारांचा नवा डायनामो बसवला असता तरी बॅटरीवर १३.० च दिसले असते! वाटेत १.२ व्होल्ट कुठंतरी हरवत होते. काकांनी त्याला शेतीचं उदाहरण दिलं, मोटार दाबानं पाणी टाकतीया पण पाइपात गाळ बसलाय, मग शेवटच्या सरीला पाणी कुठनं पोचायचं?

आणि मग त्यांनी ज्या पद्धतीनं ते हरवलेले व्होल्ट शोधले, ती मी पहिल्यांदाच बघितली. मीटरचा एक काटा डायनामोच्या बोल्टला आणि दुसरा बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीला. दोन्ही एकाच वायरीची टोकं. वायर चांगली असेल तर मीटरवर जवळपास शून्य यायला हवं, लोड असताना फार तर ०.२ - ०.३. आला १.०. तसंच दुसऱ्या बाजूला, डायनामोचं अंग आणि बॅटरीची निगेटिव्ह खुंटी, आले ०.२. एक अधिक शून्य पॉइंट दोन, बरोबर १.२. हिशेब जुळला. मला हिशेब जुळलेले आवडतात, त्यामुळं तिथंच माझा या माणसावर विश्वास बसला.

पॉझिटिव्हच्या वायरीवरून ते टप्प्याटप्प्यानं काटा सरकवत गेले. केबिनच्या मागं, चासीच्या कडेला वायरीवर काळ्या टेपचा गड्डा होता. गड्ड्याच्या अलीकडं काटा लावला तर मीटर जवळपास शून्य, पलीकडं लावला की एक व्होल्ट. “हात लावून बघा,” म्हणाले. टेप गरम होता, बोट ठेवून राहावेना. इंजिन बंद करून टेप सोलला तर आत नुसता पीळ. केबिनचं काम करताना कुणीतरी वायर तोडली असेल, मग दोन टोकं पिळली आणि वर टेप गुंडाळला. सोल्डरचा डाग नाही, टोकाला दाबून बसवायचं थिंबल नाही. तांबं हिरवं पडलेलं आणि टेपखालचं वायरीचं कवच भाजून कडक झालेलं. गाडीत इतका गूळ भरून आम्ही त्या पिळाच्या भरवशावर घाट उतरत होतो. कधीतरी पेटलंही असतं.

निगेटिव्हचे ०.२ ऐकायला कमी वाटतात. पण काकांनी तेही सोडले नाहीत. सेल्फ मारताना तिथंच काटे धरायला लावले, तर दीड व्होल्ट! चार्जिंगचा करंट थोडका असतो, सेल्फ शेकड्यात अँपिअर ओढतो, म्हणून तीच खराबी सेल्फला कितीतरी पट मोठी होऊन भेटते. सकाळी सेल्फ जड फिरायचं अर्धं कारण हे. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळं चासीशी त्याचा विजेचा संबंध राहतो तो फक्त अर्थिंगच्या पट्टीतून. ती पट्टी खोलली तर थिंबलच्या खाली पासिंगचा काळा रंग, गुळगुळीत, तसाच. रंगावरच बोल्ट आवळलेला. काकांनी सुरुवातीला “हं” का म्हटलं ते तेव्हा कळलं.

खात्रीसाठी त्यांनी दुरुस्तीच्या आधी एक जाड जंपर इंजिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हला लावला आणि सेल्फ मारायला सांगितला. आवाजच बदलला. मामा खाली उतरून माझ्याकडं बघत राहिले.

दुरुस्ती पटकन झाली. पीळ कापून टाकला, त्या टप्प्याला नवी जाड वायर, थिंबल दाबून वर डाग, त्यावर स्लीव्ह. अर्थिंगची पट्टी नवी, चासीवरची जागा पॉलिश पेपरनं उघड्या लोखंडापर्यंत घासून, बोल्ट आवळून मग वरून पेट्रोलियम जेली. जेली आधी लावायची नाही, आवळल्यावर लावायची. डायनामोचं सील आणि कार्बन बदलले, रिंगा पुसल्या. रिंगांवर खाच असती तर शेजारच्या लेथवर फिरवून आणल्या असत्या, उद्यमनगरात हे एक सुख आहे. परत सगळा लोड लावून मोजलं, डायनामोवर १४.२, बॅटरीवर १४.०. मीटर माझ्या हातात देऊन हा शेवटचा आकडा मलाच वाचायला लावला. शेवटी सगळं बंद करून चोरटा करंट कुठं जातोय का तेही बघितलं, तसं काही नव्हतं.

बिल म्हणाल तर बेल्ट, पट्टी, वायर, सील, कार्बन, बल्ब आणि मजुरी धरून अठराशे रुपये. जुने काढलेले भाग न मागता पिशवीत घालून दिले.

आमचं काम चालू असताना शेजारी एक मोठा, २४ व्होल्टचा ट्रक थांबला होता. त्याची तक्रार वेगळी, दोनातली एकच बॅटरी सारखी जाते. काकांनी वायरी बघितल्या आणि टेपरेकॉर्डर काढायला लावला. दोन बारा-बाराच्या बॅटऱ्या मालिकेत असतात आणि ड्रायव्हर टेप आणि मोबाइल चार्जर मधून, एकाच बॅटरीवरून घेतात. ती बॅटरी कायम उपाशी राहते आणि डायनामो दोघींना मिळून २८ च्या आसपास देत असल्यानं दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन पाणी उडवते. दोन्ही लवकर मरतात. उपाय म्हणजे २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर, तो लावला की झालं. मोठ्या गाडीवाल्यांनी आपापल्या टेपची वायर कुठून आलीय ते एकदा बघाच.

आता जे आवडलं नाही तेही लिहिते, कारण कुणी माझ्या सांगण्यावरून जाऊन रागावू नये. गल्ली अरुंद आहे, ४०७ कशीबशी उभी राहते, दहा चाकी गाडी नेऊ नका; ती रस्त्यावर लांब लावून काकांना घेऊन यावं लागतं आणि ते प्रत्येक वेळी येतीलच असं नाही. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर आणि ट्रकवाल्यांची एवढी गर्दी असते की नंबर लागायला दिवस जातो. वेळ सांगतात त्यापेक्षा काम लांबतं, फोन उचलत नाहीत. हाती दिलेल्या चिठ्ठीवर हिशेब असतो, पक्कं बिल नाही, त्यामुळं ज्यांना खर्च हिशेबात दाखवायचा आहे त्यांची अडचण होते. नव्या बीएस-६ गाड्या, ज्यांना स्कॅनर लावावा लागतो, त्या ते सरळ नको म्हणून परत पाठवतात. सावली नाही, बसायला एक बाकडं, आणि बाईमाणसाला तिथं दिवस काढायचा तर सोय काहीच नाही. हे त्यांनी बघायला हवं, कारण गाडीच्या व्यवसायात आता बायका पण आहेत आणि मी काही एकटी नाही.

तरी पुढच्या वेळीही तिथंच जाणार. आमच्यासारख्या एका गाडीवर घर चालवणाऱ्यांना दहा हजारांचा निष्कारण खर्च म्हणजे महिन्याचं गणित कोलमडणं. काका हातातलं काम मोठं करून दाखवत नाहीत, उलट लहान करत आणतात आणि शेवटी जेवढं खरंच बिघडलंय तेवढंच उरतं. हे कसब आहे आणि त्याला मान मिळायला हवा. त्यांच्याकडं एक पोरगा शिकतोय. त्यालाही पाना नंतर देतात, आधी मीटर धरायला लावतात. आमच्या गाडीवर निगेटिव्ह बाजू त्यानंच मोजली.

त्यानंतर भर पावसात गाडी करूळ घाटातून बऱ्याचदा जाऊन आली. मामा सांगतात, वायपर लावला तरी लाइट हलत नाही आणि पेडल हलकं आहे.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा. शक्य असेल तर बॅटरी घरून पूर्ण चार्ज करून न्या, म्हणजे एक रात्र वाचेल. आणि गेल्या वर्षभरात गाडीवर रंग, डेंटिंग, क्लच, वायरिंग, जे काही काम झालं असेल ते आठवून जा. काका आल्या आल्या तेच विचारतात.